इथे चालता येत नाही

उसनी आणलेली व्हीलचेअर परत करणं हे सोपं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे गाडी असते.

माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. आम्ही दोघं चालत गेलो, बसने गेलो, फारच घाई असली तर रिक्षाने गेलो, आणि गाडी नाही म्हणून कुठे पोहोचायचं राहिलं असं काही आठवत नाही. मुलगी सासरी गेली तीसुद्धा बसनेच, आणि अजून सुखात आहे.

ही आजारी पडली तेव्हा सरकारी दवाखान्यामागच्या गल्लीतून मी ती खुर्ची आणली होती. तिथे एका खोलीत 'रुग्णसाहित्य केंद्र' होतं. एक बाई, एक पंखा आणि भिंतीला टेकवलेल्या काठ्या-कुबड्या, एवढाच कारभार. "वापरून झाली की आणून द्या," बाई म्हणाल्या होत्या. 'वापरून झाली की' म्हणजे ही बरी झाली की, असा अर्थ मी लावला होता. सरकारी भाषेत दोन्ही अर्थ बसतात, हे नंतर कळलं.

शेवटी शेवटी ही म्हणाली, "अहो, माझं झालं की खुर्ची लगेच देऊन टाका. अडवून ठेवू नका. आपण किती वाट बघितली होती, आठवतंय ना? आत्ताही कुणीतरी बघत असेल."

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो, पण हे मनापासून म्हणालो होतो.

ही गेल्यावर माणसं भेटायला यायची. बाहेरच्या खोलीत खुर्ची असायची. सगळे तिच्याकडे बघायचे, बसायचं कुणी नाही. मेहुणी तर दारातूनच म्हणाली, "भावोजी, ती खुर्ची आधी हलवा बाई तिथनं. माझा जीव गलबलतो." एवढं म्हणून तिने आपली पर्स त्याच खुर्चीच्या मुठीला अडकवली आणि पंख्याखाली जाऊन बसली.

तर मी खुर्ची ढकलत त्या गल्लीत गेलो. खोलीला कुलूप. दारावर पाटी: 'नागरिकांच्या सोयीसाठी केंद्र बाह्यवळण रस्त्यावरील प्रशस्त जागेत हलवण्यात आले आहे. गाडीतून न उतरता सेवा.'

'सोयीसाठी' हा शब्द दिसला की मी चपला घट्ट करतो. बँकेने सोयीसाठी शाखा हलवली, तेव्हापासून मी बँक बघितलेली नाही. पोस्टाने सोयीसाठी कोपऱ्यावरची पेटी काढली. आता फक्त आमची सोय म्हणून कुणी आम्हाला हलवायचं बाकी आहे.

पाटीखाली फोन नंबर होता. घरी येऊन फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, "आपल्या वाहनाचा क्रमांक टाका." मी शून्य दाबलं. आवाज म्हणाला, "हे वाहन सापडले नाही. कृपया गाडीची पाटी बघून पुन्हा टाका." मी सगळी बटणं एकेकदा दाबली, तेव्हा कंटाळून तिकडे जिवंत मुलगी आली.

"सर, गाडी कोणती आहे?"

"गाडी नाही."

"म्हणजे सध्या नाही?"

"म्हणजे मुळातच नाही."

 तिने जरा दबक्या आवाजात, आजाराबद्दल विचारावं तसं विचारलं, "मग घरात दुसऱ्या कुणाची?"

"घरात दुसरं कुणी नाही."

"सर, पण फॉर्ममधली ती जागा रिकामी ठेवता येत नाही."

माझ्या घरी येऊन बघ, ठेवता येते, असं तोंडावर आलं होतं. पण मुलगी माझ्या मुलीच्या वयाची वाटली. फोन ठेवला.

आमच्या इमारतीत खासगी असं काही राहत नाही. मी फोन ठेवला आणि चहाचं आधण उकळायच्या आत दोन शेजारी सल्ला घेऊन हजर झाले.

पहिले कव्हरवाले. त्यांच्याकडे गाडी आहे, पण ती कायम कव्हराखाली असते. दर रविवारी ते कव्हर धुतात. गाडीचा रंग कोणता यावर इमारतीत दोन मतं आहेत. मी चाचरत विषय काढला, तसे ते म्हणाले, "द्यायला काहीच हरकत नाही हो. पण इंजिन थंड आहे. एकदम बाहेर काढलं तर धक्का बसतो त्याला." मग माझा चेहरा बघून त्यांना माझी दया आली. "असं करा, नंबर वापरा! नंबराला काय होतंय? फोनवर माझा नंबर टाका आणि वेळ घ्या."

दुसरे वरच्या मजल्यावरचे अभियंता. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातांना काम नाही आणि आम्हाला शांतता नाही. ते म्हणाले, "खुर्ची घडी करून कुठेही नेता येईल. बघू." खुर्चीची घडी व्हायची, फक्त खालचा खटका जरा पायाने दाबावा लागायचा. "हे चूक आहे," अभियंता म्हणाले आणि तेल, पाना, हातोडी घेऊन आले. ते बराच वेळ खुर्चीखाली होते. बाहेर आले ते घाम पुसत. त्यानंतर खुर्चीची घडी होणं कायमचं बंद झालं. "फ्रेम आता मजबूत झाली," ते म्हणाले. जाताना एक लहानसा स्क्रू त्यांनी माझ्या हातात ठेवला. "हा उरला. लागत नाही तो."

तो उजव्या ब्रेकचा होता, हे मला पुढे समजलं.

कव्हरवाल्यांचा नंबर टाकल्याबरोबर फोनमधला गोड आवाज खूश झाला आणि त्याने मला वेळ दिली. माझी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, कॅब करा ना सरळ. मी अ‍ॅप टाकून दिलंय की तुमच्या फोनमध्ये." कॅब आली. चालकाने डिकी उघडली, आत गॅसची टाकी. खुर्चीकडे बघून तो म्हणाला, "काका, घडी नाही होत?"

"कालपर्यंत होत होती," मी म्हणालो.

तो गेला. मग मी बसथांब्यावर आलो. बसला व्हीलचेअरसाठी रीतसर जागा असते, पट्टाही असतो. हिला घेऊन मी कितीदा गेलो होतो. कंडक्टर दारात उभा राहिला. "पेशंट कुठाय?"

मी खुर्ची दाराकडे वळवली.

"पेशंट असेल तर खुर्ची घेतो. नुसती खुर्ची म्हणजे सामान. पेशंट कुठाय?"

"नाहीये," मी म्हणालो.

"मग खुर्ची कशाला?" असं म्हणून त्याने घंटा मारली. त्याचा काही दोष नाही. प्रश्न बरोबरच होता.

शेवटी रिक्षा. खुर्ची सीटवर आणि मी उरलेल्या जागेत, म्हणजे बराचसा बाहेर. बाह्यवळण रस्त्याला फुटपाथ नाही, सावली नाही, थांबा नाही. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठीचं सामान ठेवायला ही जागा ज्यांनी शोधली, त्यांचं कौतुक वाटतं. मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

केंद्राच्या फाटकावर आडवा दांडा आणि मोठी पाटी: 'फक्त चारचाकी वाहनांना प्रवेश. पायी येणाऱ्यांना सक्त मनाई.' दांड्याजवळ गळ्यात शिट्टी अडकवलेला पहारेकरी. आणि पाटीच्या चतकोर सावलीत एक बाई बसलेल्या, गळ्यात शिवणकामाची टेप. दुकानातून तशाच उठून आल्या असाव्यात.

शिट्टीवाल्याने हातातल्या फोनवर नंबर बघितला आणि रिक्षाकडे बघितलं. "हा नंबर गाडीचाय. गाडी कुठाय?"

"गाडी घरी आहे."

"गाडी घरी आणि नंबर इथे?"

"इंजिन थंड आहे," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"रिक्षा आत नाही जायची काका. पाटी बघा. चारचाकी. रिक्षा तीनचाकी."

आता रिक्षावाल्याला चेव आला. "रिक्षाची तीन आणि खुर्चीची चार, सात झाली की! तीन जास्तच आहेत. आणखी काय पाहिजे?"

"सात नाही चालत. चार म्हणजे चार."

रिक्षावाला खुर्ची उतरवून, व्यवस्थेबद्दल दोन शब्द बोलून निघून गेला. ते दोन शब्द इथे देता येत नाहीत. मी शिट्टीवाल्याला म्हणालो, "बाबा रे, ती खिडकी इथून दिसतेय. मी चालत जातो, खुर्ची ठेवतो, चालत येतो."

"आत चालता येत नाही काका. सुरक्षेचा प्रश्न आहे. आत गाड्या असतात."

"नका सांगू त्याला," टेपवाल्या बाई सावलीतून म्हणाल्या. "सकाळपासून सांगतेय मी. सासऱ्यांना उठता येत नाही म्हणून खुर्ची पाहिजे. मंजूरसुद्धा झालीय, हा बघा मेसेज. हा म्हणतो, गाडी घेऊन या. म्हटलं, शिवून आणू का गाडी? कापड दे!"

शिट्टीवाला ओशाळला. "ताई, मी तरी काय करू? वरून ऑर्डर आहे. माझ्याकडेसुद्धा गाडी नाही. मी येतो तो भिंतीवरून उडी मारून येतो."

मी खुर्ची बाजूला घेतली आणि उभा राहिलो. हिला दिलेला एवढासा शब्द, आणि तोही पाळता येईना. एकीकडे परत करायला आलेली खुर्ची, दुसरीकडे खुर्चीची वाट बघणारी बाई, आणि मध्ये एक दांडा. बाईंना म्हटलं, "ताई, मी ही तुम्हालाच देऊन टाकली असती. पण ती हिच्या नावावर आहे. परत केली अशी नोंद व्हायला हवी. मी हो म्हणालोय."

बाईंनी मान हलवली. मग त्या खुर्चीकडे टक लावून बघू लागल्या. शिंपी कापडाकडे बघतो तसं. एकदम उठल्या.

"ओ शिट्टीवाले भाऊ, इकडे या. ही दोन मोठी. ही पुढे दोन छोटी. किती झाली?"

"चार."

"चार काय?"

"चाकं."

"मग ही काय झाली?"

शिट्टीवाल्याने पाटी पुन्हा वाचली. ओठ हलवत वाचली. इंजिन पाहिजे, असं पाटीत कुठेही नव्हतं. सबंध दिवस दांड्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर हळूहळू उजाडलं. त्याने वॉकीटॉकी तोंडाला लावला.

"साहेब, एक चारचाकी आलीय... हो, वेळ घेतलीय... लहान आहे साहेब... नाही, उघडी, टप नाही... एकटेच आहेत... सोडू?" मग आम्हाला म्हणाला, "सोड म्हणाले. बसा काका. पाय खाली टेकवू नका. टेकले की पायी."

मी बसलो. इतके दिवस ती खुर्ची घरात होती, पण मी तिच्यात कधी बसलो नव्हतो. बसलो आणि सगळं जग एकदम उंच झालं. लोकांच्या पोटाशी बोलावं लागतं तिथून. हिला असं दिसत असणार. मी कायम मागे उभा राहून ढकलायचो, मला फक्त हिचं डोकं दिसायचं.

हे मनात येतंय तोच मागून हॉर्न वाजला.

मागे एक भलीमोठी गाडी होती. आत एक बाई आणि त्यांना परत करायची असलेली एक काठी. त्या काठीसाठी आलेली ती गाडी आमच्या स्वयंपाकघराएवढी असेल. दांडा मात्र काही केल्या उचलेना. "वजन लागतं खाली, काका," शिट्टीवाला म्हणाला. "तुम्ही कमी पडताय." सरकारी वजनात कमी पडायची मला सवय आहे, त्यामुळे वाईट वाटलं नाही. मोठी गाडी हॉर्न देत आणखी पुढे सरकली, तिच्या वजनाने दांडा उचलला गेला, आणि मी आत शिरलो.

आत उतार होता.

तो उरलेला स्क्रू मला इथे आठवला. डावा ब्रेक लागला, उजवा लागला नाही. त्यामुळे मी नुसता खाली गेलो नाही, गोल फिरत गेलो. खिडकी आली आणि गेली. पुन्हा आली. मी नमस्कार करायचा प्रयत्न केला, पण तेव्हा माझी पाठ त्या बाजूला होती. शेवटी झाडाच्या कुंडीला लागून थांबलो. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, खास सरकारी कामासाठी घातलेला. त्याच्या खिशात कुंडीतली थोडी माती गेली.

हाताने चाकं फिरवत परत खिडकीखाली आलो. खिडकी गाड्यांच्या उंचीला होती, मी तिच्या बराच खाली.

भोंग्यातून आवाज आला, "गाडी पुढे घ्या."

"मी आलोय मॅडम."

"आवाज येतोय, गाडी दिसत नाही. गाडी पुढे घ्या."

"मी खाली आहे!"

"खाली म्हणजे कुठे?"

मागची मोठी गाडी हॉर्न देतच होती. शेवटी मी उभा राहिलो. खिडकीत माझं डोकं उगवलं आणि आतल्या मॅडम दचकल्या. "अहो! तुम्ही पायी आत कसे आलात? इथे चालता येत नाही!"

"पायी नाही आलो. चारचाकीतून आलो."

मॅडमनी वाकून खाली बघितलं. वाईट बाई नव्हत्या त्या. हसू आवरायला त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. मग कॉम्प्युटरवर हिचं नाव काढलं, ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "परत करताय ना? ठीक आहे." एक कळ दाबली. "झालं. जमा झाली. त्यांच्या नावावर आता काही नाही."

एवढंच काम होतं. मी मान हलवली. जायला वळलो.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बाहेर कसे जाणार?"

हा विचार कुणीच केला नव्हता.

"चालत," मी म्हणालो.

"इथे चालता येत नाही."

"मग खुर्चीतून जातो."

"खुर्ची तर जमा झाली. जमा झालेली वस्तू बाहेर नेता येत नाही."

"मग मी इथेच राहू?"

मॅडमनी याचाही थोडा विचार केला, असं मला वाटलं. मागच्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "भाऊ, तुमचं व्हायला किती वेळ आहे? मला नुसती काठी द्यायचीय." मी म्हणालो, "ताई, तुमच्या गाडीतून बाहेर सोडता का?" काच वर गेली.

शेवटी मॅडमनाच मार्ग सुचला. "असं करू. खुर्ची मी तुम्हाला देते. तुमच्या नावावर, नव्याने. तीन-चारच प्रश्न आहेत. गाडीचा नंबर तर आलाच आहे. आता सांगा, रुग्णाला चालता येतं का?"

मी खिडकीवरची 'पायी येऊ नये' ही सूचना बघितली. मॅडमकडे बघितलं.

"इथे चालता येत नाही," मी म्हणालो.

"चालता... येत... नाही," मॅडमनी टाइप केलं. "केव्हापासून?"

"तुम्ही इथे आल्यापासून."

"आजपासून टाकते." पुन्हा कळ दाबली. "बसा. सावकाश जा."

अशा रीतीने धडधाकट माणूस म्हणून आत गेलो आणि सरकारमान्य अपंग होऊन बाहेर आलो. बाहेरची वाट सपाट होती, देवाची कृपा. दुसरा दांडा शिट्टीवाल्याने हाताने उचलला आणि मला सलाम ठोकला. गाडीवाल्यांना तो सलाम करतो, हे मी आधी बघितलं होतं.

मी उठलो आणि खुर्ची टेपवाल्या बाईंसमोर केली. "घ्या."

"अहो, पण परत केली ना?"

"केली. आणि पुन्हा घेतली. आता माझ्या नावावर आहे, आणि माझ्या नावाचं मी काय वाटेल ते करीन."

बाईंनी टेप काढून आधी सीटचं माप घेतलं. "बसतील सासरे. थोडं सैल होईल, पण बरं असतं." मग मुठीला बांधलेली कापडी पिशवी त्यांच्या हाताला लागली. ती सोडायची मी विसरलो होतो. त्यांनी शिवण बोटाने चाचपली. "हातशिलाई आहे. कुणी केली?"

"हिने. चष्मा ठेवायला."

"टाके बारीक आहेत." पिशवी सोडून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"असू दे तिथेच. खुर्चीचीच आहे ती."

"सासरे चष्मा लावत नाहीत."

"मग कवळी ठेवतील."

बाई हसल्या, आणि मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी. आवाज जरा वेगळाच आला.

आता घरी जायचं. गाडी नव्हतीच, रिक्षा त्या रस्त्याला मिळत नाही. खुर्ची ढकलत आम्ही बसच्या रस्त्याला आलो. बस आली, दारात तोच कंडक्टर. "पेशंट कुठाय?"

मी खुर्चीत बसलो. "हा काय, मी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अहो, सकाळी तर चांगले चालत होतात!"

"सकाळी चालत होतो," मी म्हणालो. "मधे सरकारी खिडकीवर जाऊन आलो."

त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. पट्टा स्वतःच्या हाताने बांधला.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. कव्हरवाल्यांना टपालाने एक स्टिकर आला: 'या वाहनातून अपंग व्यक्ती प्रवास करते.' त्यांनी तो कव्हरावर चिकटवलाय. अभियंत्यांना माझ्या उजव्या ब्रेकची हकिकत कळली, तेव्हा ते म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, तो स्क्रू लागणार." मग तो मी स्वतःच बसवला.

मला मधूनमधून केंद्राचा फोन येतो. तोच गोड आवाज. "आपल्याला आता चालता येत असल्यास एक दाबा. येत नसल्यास दोन दाबा." एक दाबलं तर खुर्ची परत न्यावी लागेल, तीही गाडीतून. मी दोन दाबतो. मग चपला घालतो आणि पायी टेपवाल्या बाईंच्या घरी जातो.

त्यांना दुकान असतं, म्हणून संध्याकाळी सासरेबुवांना मी फिरवून आणतो. म्हातारा तोंडाचा फटकळ आहे. मागून मला फक्त त्याचं डोकं दिसतं. म्हणून मी मधेच खुर्ची थांबवतो, दोन्ही ब्रेक लावतो, पुढे येतो आणि त्याच्या शेजारी गुडघ्यांवर वाकून बघतो, तिथून काय दिसतंय ते.

"काय सापडलं का खाली?" म्हातारा विचारतो.

"नाही."

"मग गाडी पुढे घ्या."